बॉनेटचं दुसरं टोक

आमच्या शेजारच्या हिराजीकाकांची गाडी मी सहा वर्षांत कधी अख्खी पाहिली नव्हती. चार चाकं असायची, एवढं कबूल करतो. बाकी कधी डावा दरवाजा नसे, कधी डिकीचं झाकण, कधी पुढचा बंपर. जो भाग गाडीवर नसे तो काकांच्या अंगणात चिकूच्या फांदीला टांगलेला असे आणि त्याच्याभोवती मच्छरदाणी लावलेली असे. ओल्या रंगावर चिलट बसू नये म्हणून. सुनंदाकाकी आत डास मारत बसलेल्या असत. "मच्छरदाणी घरात एकच हाय," त्या सांगत, "आणि ती दरवाज्याला लागते."

दरवाजा नाही म्हणून काका घरी बसले, असं मात्र होत नसे. ते तशीच गाडी काढून रोह्याच्या बाजारात जात. शेजारच्या सीटवर भाजीची पिशवी, आणि ती बाहेर पडू नये म्हणून तिला सीटबेल्ट लावलेला. एकदा ट्रॅफिकच्या हवालदारांनी थांबवलं आणि विचारलं, दरवाजा कुठाय? काका अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाले, "साहेब, घरी सुकतोय." हवालदार बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी हातानंच जा म्हटलं. अशा माणसाचं काय करायचं ते त्यांना कोणी शिकवलं नसावं.

मी इथल्या एका शाळेत क्लार्क आहे. हे काकांना मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तरी ते मला मास्तर म्हणतात. "शाळेत जाता ना? मग मास्तर." विषय संपला.

काका रोह्याजवळ धाटावच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये राबून रिटायर झाले. रिटायर झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, काकांनी जुनी गाडी घेतली. तिचा रंग शेवाळाच्या आणि राखेच्या मधला. असा रंग कंपनीनं का काढला असेल कोण जाणे, पण पुढं तो बंद केला हे बरंच केलं. काका मात्र त्या रंगावर फिदा. गॅरेजवाल्याच्या हातात गाडी द्यायला त्यांचा ठाम नकार. सगळं घरी, स्वतःच्या हातानं. पत्रा घासायचा, खड्ड्यात लांबी म्हणजे पुट्टी भरायची, पॉलिश पेपर पाण्यात भिजवून परत घासायचा, प्रायमर मारायचा, मग गननं रंग. गनला हवा द्यायचा कॉम्प्रेसर त्यांनी घरच्या जुन्या फ्रीजचा काढून बनवला होता. तो फ्रीज दुरुस्त होण्यासारखा होता असं काकींचं मत आहे, आणि ते त्या आजही मांडतात. कॉम्प्रेसर सुरू झाला की आळीतले सगळे पंखे हळू होत, आणि घराघरांतून एकच वाक्य निघे, "काकांनी गन धरली."

पावसाळ्यात तर बघायलाच नको. हवेत ओल असली की रंग पांढरट पडतो, म्हणून सगळं काम घरात येई. मी एकदा त्यांच्याकडे आमटी-भात जेवलोय. आमटीला थिनरचा वास होता आणि माझ्या शेजारी खाटेवर मागचा बंपर गोधडी पांघरून झोपला होता.

त्यांचं एक पालुपद होतं, "सुकू द्या." खरं तर ते रंगाबद्दल, पण ते सगळीकडे चाले. माझं हेडक्लार्कशी भांडण झालं, मी तावातावानं सांगायला गेलो. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सुकू द्या, मास्तर. ओल्यावर हात लावला की ठसा उठतो." काकींचं लेकीशी फोनवर वाजलं तरी तेच. "सुकू दे गो." काकी वैतागून म्हणत, "माझा आख्खा संसार तुम्ही सुकवलात."

पण या सगळ्याहून मोठा तमाशा म्हणजे त्यांची पेणची वारंवारची खेप.

गाडीचा रंग बाजारात मिळत नव्हता. रोह्यातल्या रंगवाल्यानं तीनदा रंगात रंग मिसळून मिळवून बघितला आणि चौथ्या वेळी काकांना लांबून येताना बघून शटर ओढलं. तो रंग मिळवून देणारा एकच माणूस होता, पेणला. म्हणून काका काढलेला भाग जुन्या चादरीत बांधत, खांद्यावर मारत आणि सकाळच्या रेल्वेगाडीनं पेणला जात. रंगारी लोक नमुना म्हणून पेट्रोलच्या टाकीचं झाकण नेतात. तळहाताएवढं असतं, खिशात मावतं. काका मात्र अख्खा दरवाजा नेत. निडीला चढणाऱ्या बाया टोपल्या सरकवून दरवाज्याला जागा देत आणि विचारत, "दादा, गाडी कुठं हाय?" काका सांगत, "गाडी घरी हाय. ह्यालाच तेवढं दाखवायला नेतोय." दवाखान्यात न्यावं तसं.

मी एकदा न राहवून विचारलं, "काका, झाकण का नाही नेत? आणि दरवाजाच दाखवायचाय तर गाडीच न्या ना पेणला."

"हायवेनं?" काका म्हणाले. "एक खड्डा बुजवायला जायचं आणि चार घेऊन यायचं?"

झाकणाबद्दल त्यांनी उत्तर दिलं नाही, हे मला घरी आल्यावर कळलं.

बरं, एवढं करून रंग जुळला असता तर एक वेळ समजू शकतो. तो कधीच तंतोतंत जुळला नाही. लांबून गाडी एका रंगाची वाटे, जवळ गेलं की पाच रंगांची. एक दरवाजा जरा हिरवट, दुसरा राखेकडे झुकलेला, डिकी कुठल्याच बाजूची नाही. "तुमच्या त्या पेणवाल्याचे डोळे गेले वाटतं," मी म्हटलं. काका माझ्यावर पहिल्यांदा आणि शेवटचे चिडले. "त्याच्या डोळ्यांबद्दल बोलायचं नाय, मास्तर." आणि आत निघून गेले.

आणि एक. काकांच्या गाडीला ओरखडे फार पडत. नवा रंग सुकून, भाग गाडीवर चढून महिना झाला की कुठंतरी ओरखडा हजर. मग काका आळीत चौकशी लावत. दूधवाल्याच्या सायकलचं हँडल, पोरांची क्रिकेटची बॅट, समोरच्या घरची शेळी, सगळे आरोपी. शेळीवर त्यांचा विशेष डोळा. "तिचं शिंग बघा, मास्तर. उजवं. त्याच्यावर हिरवट काय तरी हाय." शेळीच्या शिंगावर पाला होता. शिवाय ती दिवसभर बांधलेली असे. हे मी सांगितलं की ते म्हणत, "दोरी लांब हाय."

मागच्या वर्षी एका शनिवारी शाळा सकाळची होती. दुपारी मी खिडकीत केस पुसत उभा होतो. आळीत चिटपाखरू नव्हतं. काका गाडीपाशी आले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. खिशातून खिळा काढला. आणि नव्या, महिन्यापूर्वी रंगवलेल्या मडगार्डवर, रेघ मारायला पट्टी लावावी तसा दुसरा हात टेकवून, त्यांनी एक लांब, सरळ ओरखडा ओढला. मग फुंकर मारून भुकटी उडवली. मग मान वर केली, आणि मी दिसलो.

मला वाटलं ते पळतील. ते सावकाश आमच्या ओट्यावर येऊन बसले. खिळा अजून हातातच.

"शेळीला उगाच बोललो इतके दिवस," ते म्हणाले.

त्यांनीच सांगितलं. पेणचा रंगवाला म्हणजे त्यांचा सख्खा थोरला भाऊ. दादूस. त्याचा गणपतींचा कारखाना. तरुणपणी दोघं मिळून चालवत. काका गननं अंगाचा रंग मारत, आणि रंग मिळवणं, पितांबराची छटा, डोळ्यांची आखणी, हे सगळं दादूसचं. गणपती बारा दिवसांवर आले असताना काकांना रोह्याच्या कंपनीचं पत्र आलं. ताबडतोब हजर व्हा. ते पत्र तीन दिवस शर्टाच्या खिशात ठेवून ते फिरत होते.

"तोंडावर सांगायची छाती नव्हती, मास्तर. मोठी मूर्ती फळीवर घेऊन आम्ही पुढल्या पडवीत चाललेलो. दादूस पुढं, मी मागं. त्याची पाठ माझ्याकडं. म्हटलं, आता सांगावं. पाठीला सांगितलं मी. उद्या चाललो, बोललो."

"मग?"

"थांबला नाय. मूर्ती जागेवर नेली आणि बोलला, 'ठेव.' मी माझं टोक ठेवलं." काकांनी खिळा ओट्यावर ठेवला. "त्याच्यावर सव्वीस वर्षं शब्द नाय."

त्या वर्षी दादूसनं एकट्यानं किती मूर्ती पुऱ्या केल्या आणि किती गिऱ्हाईकं परत गेली, हे काकांना लोकांकडून कळलं. पुढं लग्नकार्यात दोघं एका पंगतीला बसत, पण मध्ये एक माणूस ठेवून. आई गेली तेव्हाही बोलले नाहीत. आणि मग रिटायर झाल्यावर ही गाडी घेतली, रंग कुठं मिळेना, तेव्हा एक दिवस काका मन घट्ट करून पेट्रोलच्या टाकीचं झाकण खिशात घालून पेणला गेले. दादूसनं हात पुढं केला, झाकण घेतलं, उन्हात धरून बघितलं, आत गेला, शरबताच्या बाटलीत रंग मिळवून आणला आणि झाकणासकट हातात दिला. बोलला नाही. एकूण वेळ दहा मिनिटं.

"झाकण एका हातात मावतं ना," काका म्हणाले. "त्याच्यात दुसऱ्या माणसाचं काय काम? म्हणून मग पुढल्या टायमाला दरवाजा नेला. एवढा मोठा दरवाजा, उन्हात आडवा करून बघायचा तर एकानं धरायला नको? त्यानं चादर सोडली, इकडं तिकडं बघितलं, कारखान्यात दुसरं कोण नव्हतं. आणि बोलला, 'धर.'"

सव्वीस वर्षांनी एक शब्द. हे सांगताना त्या माणसाचा चेहरा असा झाला होता की मी दुसरीकडे बघितलं.

त्या दिवसापासून मी आळीतला एकमेव भागीदार झालो. काका पेणहून आले की दरवाजा किंवा डिकी फांदीला टांगायच्या आधी आमच्याकडे येत आणि आजचे शब्द सांगत. "आज तीन. 'चाय घेऊन जा.'" कधी म्हणत, "आज एकच. पण मोठ्यानं." सुकू दे हे पालुपदही दादूसचंच होतं. कुठल्याशा खेपेला त्यानं उच्चारलं आणि काकांनी ते उचलून रोह्याला आणलं. काका तिकडून रंग आणत होते असं आम्हाला वाटे. ते शब्द आणत होते, आणि आल्याबरोबर वापरायला काढत होते.

एकदा मी म्हटलं, "काका, सरळ बसून बोला ना त्यांच्याशी. माफी मागा. एवढा खटाटोप कशाला?"

"सुकू द्या, मास्तर," ते म्हणाले. "अजून ओलं हाय."

या वर्षी गणपती आटोपल्यावर काका पेणहून आले ते जवळजवळ पळतच. चादरीतला बंपर दारातच टाकला. "आज सबंध वाक्य बोलला! मी निघालो तर मागनं हाक मारली. हिरू बोलला मला. लहानपणी हिरू बोलायचा. 'हिरू, पुढल्या खेपेला बॉनेट घेऊन ये.' स्वतः होऊन बोलला, मास्तर."

"बॉनेटला ओरखडा कुठाय पण?" मी विचारलं.

"त्याला काय माहीत?" काका हसले. मग म्हणाले, "बॉनेट दोघांना धरायला लागतं. दरवाजा धरायचा तर एकानं धरायचा, एकानं बघायचा. बॉनेट पुढून मागल्या अंगणात न्यायचं तर दोन टोकं दोघांनी धरायला लागतात. एक पुढं, एक मागं."

त्यांनी पुढच्याच आठवड्यात बॉनेट उतरवलं. ओरखडा पाडायची घाई करावी लागली नाही, त्यांनी सगळाच रंग घासून पत्रा करडा केला. बुधवारी जायचं ठरलं.

मंगळवारी सकाळी पेणहून फोन आला. दादूस गेला. अंघोळीला म्हणून उठला आणि मोरीतच खाली बसला तो बसलाच.

मी शाळेतून रजा घेतली. काकींना गुडघ्यामुळे स्टेशनचा जिना चढायचा त्रास, त्या मागून रिक्षानं येणार होत्या. मी काकांना आणायला गेलो तर ते अंगणात चादरीला गाठ मारत होते. चादरीत बॉनेट होतं.

"काका, आज?" मी म्हटलं.

"घेऊन ये बोललेला," ते म्हणाले.

मी समजूत घालणार होतो. मयताच्या घरी गाडीचं बॉनेट घेऊन कोणी जातं का, लोक काय म्हणतील, वगैरे सगळं ओठावर आलं होतं. त्यांचं तोंड बघितलं आणि मी बॉनेटचं दुसरं टोक धरलं. गाडीत निडी गेलं, नागोठणं गेलं, कासू गेलं. कोणी काही विचारलं नाही. टोपल्यावाल्या बायांनी नेहमीसारखी जागा दिली, पण काकांकडे बघून त्यांनाही काही कळलं असावं.

पेणला कारखान्यापुढं माणसं जमली होती. पांढऱ्या कपड्यांतल्या त्या गर्दीतून आम्ही दोघं बॉनेट घेऊन गेलो, काका पुढं, मी मागं. लोकांनी वाट दिली. कोणीतरी दबक्या आवाजात विचारलं, हे काय आणलंय? कोणीतरी उत्तर दिलं, भाऊ हाय. मला लाज वाटेल असं वाटलं होतं. वाटली नाही. माझ्यापुढं काकांची पाठ होती, आणि ती हलत होती.

पडवीत काकांच्या वैनी बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून आधी काकांकडे बघितलं, मग बॉनेटकडे. "ठेव रे हिरू," त्या म्हणाल्या. "ठेव आता."

काकांना ते ठेवता येईना. बोटं सुटेनात. मी माझं टोक खाली टेकवलं, मग त्यांच्या हातातून त्यांचं.

सगळं उरकून परतायची वेळ झाली तेव्हा वैनींनी काकांना आत बोलावलं. मी दारात होतो. एका फळीवर शरबताच्या पाच-सहा बाटल्या ओळीनं होत्या, प्रत्येकीत तळाला तो शेवाळी-राखी रंग. प्रत्येकीतला जरा जरा वेगळा.

"तुझ्या गाडीचा रंग त्यांना पहिल्याच दिवशी मिळालेला," वैनी म्हणाल्या. "ही पहिली बाटली, तुला न दिलेली. ही अगदी बरोबर. बाकीच्या त्यांनी मुद्दाम चुकवलेल्या. मी बोलायची, अवो, हिरवा जास्ती झालाय. तर बोलायचे, होऊ दे. जुळला तर येल कशाला?"

काका एकेक बाटली उचलून उजेडात धरत राहिले. ज्या माणसानं शेकडो पितांबरं एका छटेत रंगवली, त्याचे डोळे गेले असं मी म्हटलं होतं. मला तिथं उभं राहवेना, मी बाहेर येऊन बसलो.

त्याला आता तीन महिने झाले. काकांनी करडं बॉनेट तसंच गाडीवर चढवलं. चिकूची फांदी रिकामी आहे. मच्छरदाणी काकींना परत मिळाली, त्यांनी ती धुऊन घडी करून ठेवली आणि लावली मात्र नाही. कॉम्प्रेसर बंद, आळीतले पंखे एका वेगानं फिरतात. गाडी अख्खी दारात उभी असते. तिला तशी बघायची सवय आम्हाला नाही. जाता-येता लोक बघतात आणि काही थट्टा न करता पुढं जातात. काका ओट्यावर बसलेले असतात. बाजारातही चालत जातात.

मागच्या रविवारी दुपारी मी आमचा पत्र्याचा डबा उघडून एक खिळा शोधला. आळीत कोणी नव्हतं. मी गाडीपाशी गेलो, डाव्या दरवाज्यावर दुसरा हात टेकवला आणि ओरखडा ओढला. इतका घाबरलो होतो की तो अर्ध्यातच वाकडा झाला. चार वाजता काका उठल्यावर मी शक्य तितक्या सहजपणे म्हटलं, "काका, दरवाज्याला ओरखडा पडलाय बघा. शेळीनं केलं असेल."

काका आले. चष्मा सारखा करून वाकले. बोटानं तो ओरखडा पहिल्यापासून शेवटपर्यंत चाचपला, वाकडा झाला होता तिथं जरा थांबले.

"शेळी तर बांधलेली असते," ते म्हणाले.

मी म्हटलं, "दोरी लांब आहे."

ते सरळ उभे राहिले. मग म्हणाले, "पेणला वैनी एकटीच हाय. कारखाना बंद करून बसल्ये. पहिल्या बाटलीत बोटभर रंग असंल अजून." आणि आत जाऊन पाना घेऊन आले. काकी दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी आत जाऊन जुनी चादर आणली.

बिजागरीचे बोल्ट गंजले होते, सुटायला वेळ लागला. शेवटचा बोल्ट निघाला आणि दरवाजा कलला. सहा वर्षांत काकांनी मला कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

"धर," ते म्हणाले.

मी धरला.